हृदयरुग्णांनी युरिक ॲसिडचा रिपोर्ट कसा वाचावा

हृदयविकार असलेल्यांच्या रिपोर्टमध्ये युरिक ॲसिड (लघवीवाटे बाहेर पडणारा रक्तातला टाकाऊ पदार्थ) वाढलेलं दिसलं की घरातले आधी मटण बंद करतात. पण कारण बऱ्याचदा गोळ्यांच्या डब्यात असतं. सूज उतरवणारी लघवीची गोळी (फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड, क्लोरथॅलिडोन) आणि स्टेंटनंतरची ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन यांमुळे मूत्रपिंडं युरिक ॲसिड कमी बाहेर टाकतात. पण म्हणून यातली कुठलीही गोळी मनानं सोडू नका. सोडली तर दम लागणं, पायाला सूज, वेळप्रसंगी ॲडमिट होणं, हे धोके कितीतरी मोठे. नमुना द्यायला येताना चालू गोळ्यांच्या पट्ट्या सोबत आणा आणि त्याच रक्तात क्रिएटिनिनही (मूत्रपिंडं कशी चालतात याची तपासणी) करून घ्या. त्याशिवाय नुसत्या आकड्याचा अर्थ लागत नाही.

पुरुषांत साधारण ७, स्त्रियांत ६ मिलिग्रॅमपर्यंत ठीक. ६.८ च्या वर सांध्यात त्याचे स्फटिक धरू शकतात, त्यानं सांधा ठणकतो तो गाऊट. वाढलेल्या युरिक ॲसिडबरोबर हृदय कमजोर होण्याचा धोका जास्त आढळतो, हे खरं. पण ते उतरवल्यानं हृदय वाचतं असं दिसलेलं नाही. ब्रिटनमध्ये साठीपुढच्या, गाऊट नसलेल्या ५,७२१ हृदयरुग्णांना ॲलोप्युरिनॉल (युरिक ॲसिड उतरवणारी गोळी) देऊन पाहिलं. २०२२ मध्ये निष्कर्ष आला, हार्ट अटॅक वा पक्षाघातात फरक पडला नाही. त्यामुळे त्रास नसताना केवळ आकड्यासाठी गोळी मागू नका.

पायाचा अंगठा लाल होऊन ठणकत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून घेऊ नका. या गोळ्या अंगात पाणी धरून ठेवतात, कमजोर हृदयाला ते झेपत नाही. डॉक्टरांना फोन करा. ॲलोप्युरिनॉल चालू केल्यावर अंगावर पुरळ आलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा.

खाण्यात काळीज, वजडी, बिअर बंद. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची वाटी कमी करा, उसाचा रस आणि काकवीही. साखरेतल्या फ्रुक्टोजनं युरिक ॲसिड चढतं. डाळी सोडायचं कारण नाही. दूध चांगलं, साय काढून. ‘रोज तीन लिटर पाणी’ हा सल्ला हृदय कमजोर असलेल्यांनी पाळू नये. पाण्याचं माप डॉक्टरांकडून घ्या.

चाचणीला उपाशी राहण्याची सक्ती नाही, पण आदल्या रात्री मटण-दारू नको. क जीवनसत्त्वाच्या जास्त ताकदीच्या गोळ्या घेत असाल तर सांगा, त्यांनी आकडा खोटा कमी येऊ शकतो. ठणका चालू असतानाही आकडा नॉर्मल दिसू शकतो. दुखणं पूर्ण थांबल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा.