बुडबुडा, घाम आणि दोन ट्रक

नायट्रोग्लिसरीनचा थेंब खाली पडला की स्फोट होणारच, अशी बहुतेकांची पक्की समजूत असते, आणि ती बरीचशी सिनेमाने करून दिलेली आहे. त्यातही १९५३ सालच्या ‘द वेजेस ऑफ फिअर’ या फ्रेंच चित्रपटाचा वाटा मोठा. दक्षिण अमेरिकेतल्या एका भकास गावात अडकलेले चार परदेशी पुरुष, दूरवर पेटलेली तेलविहीर, आणि ती विझवण्यासाठी खडबडीत रस्त्याने दोन ट्रकांतून न्यायचं नायट्रोग्लिसरीन. आँरी-जॉर्ज क्लूझो यांनी एवढ्याशा कथेवर अडीच तास प्रेक्षकाचा श्वास रोखून धरला. १९७७ मध्ये विल्यम फ्रीडकिन यांनी तीच कथा ‘सॉर्सरर’ नावाने पुन्हा पडद्यावर आणली. स्वतः फ्रीडकिन त्याला रीमेक म्हणत नसत, मूळ कादंबरीचं नवं रूपांतर म्हणत.

दोघांची तुलना करताना रसिक अभिनयाबद्दल बोलतात, झुलत्या पुलाच्या थरारक प्रसंगाबद्दल बोलतात. मला मात्र सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो ट्रकमधल्या मालातला बदल. पहिल्या चित्रपटात डब्यांत भरलेलं द्रव नायट्रोग्लिसरीन आहे. दुसऱ्यात आहेत वर्षानुवर्षं पडून राहिलेली डायनामाइटची खोकी.

आधी द्रवाकडे बघू. लाकूड जळतं तेव्हा ऑक्सिजन बाहेरून, हवेतून यावा लागतो. नायट्रोग्लिसरीनच्या रेणूत इंधन आणि ऑक्सिजन एकाच घरात राहतात. ४ रेणू फुटले की कार्बन डायऑक्साइडचे १२, पाण्याच्या वाफेचे १०, नायट्रोजनचे ६ आणि ऑक्सिजनचा १, असे एकूण २९ वायुरूप रेणू तयार होतात, तेही प्रचंड तापलेले. एवढा वायू एका क्षणात जागा मागतो, तोच स्फोट.

पण फुटायला सुरुवात कशाने होते? स्फोटकांच्या प्रमाणित चाचणीत नमुन्यावर वजन टाकतात आणि ६ प्रयत्नांत निदान एकदा स्फोट व्हायला किती ऊर्जा लागते ते पाहतात. टीएनटीला सुमारे १५ ज्यूल लागतात. नायट्रोग्लिसरीनला ०.२ ज्यूल पुरतात, म्हणजे एक किलोचं वजन दोन सेंटिमीटरवरून सोडलं तरी पुरे. आता गंमत अशी, की ही ऊर्जा नमुन्यात सगळीकडे सारखी पसरली, तर तो थोड्याच अंशांनी तापेल. तेवढ्या उबेने काहीही फुटत नाही. मग आग लागते कुठे?

लागते ती बुडबुड्यात. केंब्रिजमध्ये फ्रँक बाउडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास हे प्रयोगांनी दाखवून दिलं. द्रवात अडकलेल्या हवेच्या बारीक बुडबुड्यावर अचानक दाब आला, की तो इतक्या झटक्यात आक्रसतो की आतली उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही. सायकलचा पंप जोरात मारताना नळी गरम होते, तेच हे. हिशोब करून पाहा. हवेचं आकारमान दहापटीने घटलं, तर तिचं निरपेक्ष तापमान दहाच्या ०.४ व्या घाताने, म्हणजे अडीच पटीने वाढतं. (हवेसाठी गॅमा, म्हणजे दोन विशिष्ट उष्मांचं गुणोत्तर, १.४ असतं. त्यातून १ वजा केला की हा घात मिळतो.) ३० अंश सेल्सिअस म्हणजे ३०३ केल्विन. त्याचे झाले ७६० केल्विन, म्हणजे जवळजवळ ४९० अंश सेल्सिअस! केसाच्या जाडीहून लहान जागेत, काही लाखांश सेकंदापुरतं का होईना, पण बुडबुड्याच्या भिंतीवरच्या रेणूंना पेट घ्यायला एवढं बस्स. तिथून दाबाची लाट उठते, ती शेजारच्या थराला दाबून तापवते, आणि बघता बघता स्फोट सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेगाने सगळ्या द्रवातून धावतो.

म्हणजे खरा धोका नुसत्या हलण्यात नाही, बुडबुडा आणि धक्का एकत्र येण्यात आहे. म्हणून काठोकाठ भरलेल्या डब्यापेक्षा अर्धवट भरलेला, आत डुचमळणारा डबा जास्त भयंकर. आणि म्हणूनच एक धक्का निभावतो, तसाच दुसरा निभावत नाही. फ्रीडकिन यांनी याला नियतीचं रूप दिलं. आपल्याकडेही ट्रकला लिंबू-मिरची बांधतात, मागे काळी बाहुली लटकवतात. पण ६ पैकी एका धक्क्याला स्फोट होतो तो त्या क्षणी बुडबुडा कुठे होता यावरून. कुणाची नजर लागून बुडबुडा आक्रसत नाही, आणि लिंबाने तो थांबतही नाही.

आता दुसऱ्या चित्रपटातल्या ट्रकमधलं डायनामाइट. १८६६ च्या एप्रिलमध्ये पनामा आणि सॅन फ्रान्सिस्को इथे वाहतुकीतल्या नायट्रोग्लिसरीनचे भीषण स्फोट होऊन माणसं मेली. त्याआधी १८६४ मध्ये आल्फ्रेड नोबेल यांचा धाकटा भाऊ एमिल स्टॉकहोममधल्या स्फोटात गेला होता. १८६७ मध्ये नोबेल यांनी उपाय काढला. डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांच्या सिलिकाच्या कवचांपासून बनलेली माती, किझेलगूर, तिच्यात हे द्रव जिरवायचं. तीन भाग द्रव, एक भाग माती, हेच डायनामाइट. कवचांच्या छिद्रांत अडकलेलं द्रव डुचमळत नाही, त्यामुळे डायनामाइट धक्के सोसतं.

मात्र ही पकड कायमची नसते. उष्णतेने आणि काळाने द्रव पाझरू लागतं. ओल लागली तर किझेलगूर पाणी शोषून घेते आणि नायट्रोग्लिसरीनला बाहेर ढकलते. या ‘घामा’चे थेंब खोक्याच्या तळाशी साठतात, म्हणून गोदामातली खोकी अधूनमधून उलटी करून ठेवायची पद्धत होती. ‘सॉर्सरर’मध्ये नेमकं हेच केलेलं नसतं, आणि तेही दमट जंगलात. विज्ञानाच्या दृष्टीने मला ही कल्पना मूळ चित्रपटापेक्षा सरस वाटते, कारण इथे संकट निष्काळजीपणातून, हळूहळू, रसायनशास्त्राच्या नियमाने तयार होतं.

रस्त्याच्या बाबतीत मात्र क्लूझोच पुढे. त्यांच्या चित्रपटात आडव्या वळ्या पडलेला कच्चा रस्ता येतो. तिथे एकतर ताशी ६ मैलांच्या आत चालवायचं, नाहीतर ४० च्या वर. हे अगदी पटण्यासारखं आहे. दोन वळ्यांत ६० सेंटिमीटर अंतर धरलं आणि चाक-आस सेकंदाला साधारण १० वेळा उसळतात असं मानलं, तर ताशी १३-१४ मैलांना वळ्यांचा ठेका आणि चाकांचा ठेका जुळतो, आणि हादरे कमाल होतात. ४० मैलांना सेकंदाला ३० वळ्या येतात. चाकाला प्रत्येक खळग्यात उतरायला वेळ उरत नाही, ते माथ्यांवरूनच सरकत जातं.

२०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर याच कथेचा आणखी एक फ्रेंच अवतार आला, आणि त्याच्याही ट्रकमध्ये नायट्रोग्लिसरीनच आहे. प्रत्यक्षात मात्र आज खाणींत वापरली जाणारी इमल्शन स्फोटकं (तेलात क्षाराच्या द्रावणाचे सूक्ष्म थेंब मिसळून केलेली) मुद्दाम बारीक बुडबुडे किंवा पोकळ काचमणी मिसळूनच तयार करतात, कारण त्यांच्याशिवाय ती फुटवणंच कठीण जातं.