गोल्फ कार्टची बॅटरी लवकर उतरणे

रात्रभर चार्जिंगला लावलेली गोल्फ कार्ट सकाळी मीटरवर फुल दाखवते आणि दोन-तीन फेऱ्यांतच रांगायला लागते, चढावर तर जागीच दम तोडते, याला बॅटरी उतरणे किंवा बॅटरी चार्ज धरत नाही असं म्हणतात. नाशिककरांना गोल्फ म्हटलं की आधी गोल्फ क्लब मैदान आठवतं, कागदावर ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, आणि तिथे गोल्फ सोडून क्रिकेट, सकाळचं चालणं, सगळं होतं. कार्टचं काम इथे वेगळंच, रिसॉर्टवर पाहुण्यांच्या बॅगा न्यायच्या नाहीतर लग्नाच्या लॉन्सवर गुडघे दुखणाऱ्या आजींना गेटपासून मांडवापर्यंत सोडायचं.

आपण बॅटरी म्हणतो पण सीटखाली ती एक नसते. ३६ व्होल्टच्या गाडीत ६ व्होल्टच्या सहा, ४८ व्होल्टच्या गाडीत ८ व्होल्टच्या सहा किंवा १२ व्होल्टच्या चार, सगळ्या सिरीजमध्ये जोडलेल्या. शिशाच्या बॅटरीचा एक सेल साधारण २ व्होल्टचा, म्हणजे ४८ व्होल्टला २४ सेल एका माळेत. करंट सगळ्यांतून तोच जातो, त्यामुळे एक सेल बसला की बाकीचे २३ ठणठणीत असून गाडी उभी राहते. चार्जरला मात्र माळेचा एकूण व्होल्टेजच दिसतो, कोण उपाशी आणि कोण अजीर्ण झालेला ते त्याला कळत नाही. म्हणून "सेटच गेला, नवीन टाका" हे ऐकलं की आधी विचारावं, मोजलं का.

नाशिकच्या लॉन्सवाल्यांचं दुखणं बहुतेक चातुर्मासातलं असतं. आषाढीनंतर लग्नं बंद, गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली, आणि तुळशीचं लग्न लागलं की पहिल्याच ऑर्डरला ती काढायची. पण बॅटरी नुसती उभी असली तरी हळूहळू उतरतेच, वर कंट्रोलर, म्हणजे मोटरला करंट सोडणारा डबा, थोडा थोडा करंट पीत असतो. उतरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटांवरचं लेड सल्फेट कडक होतं, मग ते साध्या चार्जिंगने पूर्ण सुटत नाही आणि तेवढी जागा कायमची गेली. यालाच सल्फेट धरणं म्हणतात. सुरुवातीचं असेल तर इक्वलायझिंग चार्ज देऊन, म्हणजे फुल झाल्यावर पुढे ठरावीक वेळ मुद्दाम जास्त व्होल्टेजवर ठेवून, थोडंफार परत मिळतं, पण हे फक्त पाण्याच्या बॅटरीला, सील्डला नाही. त्यापेक्षा गाडी ठेवताना फुल चार्ज करून टो-रन स्विच (कंट्रोलरचा सप्लाय तोडणारा) असेल तर तो टो वर टाकायचा आणि महिन्याकाठी एकदा चार्जर लावायचा, एवढं केलं तर निम्मी भांडणं मिटतात.

पाण्याचं दुसरं प्रकरण. चार्ज होताना पाण्याचा हायड्रोजन-ऑक्सिजन होऊन ते कमी होतं, एप्रिल-मेच्या उन्हात जास्तच, आणि प्लेटा उघड्या पडल्या की तेवढा भाग वाळून जातो. टाकायचं ते डिस्टिल्ड वॉटरच, बोअरचं तर नाहीच पण घरच्या फिल्टरचंही नाही कारण त्यात क्षार उरतातच. ॲसिड वरून कधीच टाकायचं नाही. पाणी चार्जिंगनंतर भरायचं, आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना उतू जाऊन ॲसिड ट्रेमध्ये येतं. प्लेटा उघड्याच असतील तर मात्र त्या बुडतील इतकं आधी घालून मग चार्ज.

आणि आणखी एक कारण म्हणजे ४८ व्होल्टच्या माळेतल्या एकाच १२ व्होल्टच्या बॅटरीवरून लाईटिंग, हॉर्न, गाण्याचा डबा जोडणं. स्वस्त पडतं, चालतंही, पण ती एक बॅटरी रोज इतरांपेक्षा जास्त उतरते, पूर्ण कधी भरत नाही आणि सहा महिन्यांत सगळ्या गाडीला घेऊन बसते. कन्व्हर्टर लावा, तो पूर्ण माळेवरून ४८ घेऊन १२ देतो.

मोजायचं असं. चार्जिंग पूर्ण झाल्यावर पाच-सहा तास गाडी तशीच ठेवून मल्टीमीटरने प्रत्येक बॅटरी वेगळी बघायची. फुल असेल तर १२ व्होल्टची साधारण १२.६ ते १२.७, ८ ची ८.४ च्या आसपास, ६ ची ६.३. पण उभ्या गाडीचा व्होल्टेज गोड बोलतो, म्हणून गाडी दमेपर्यंत फिरवून आल्या आल्या परत मोजायचं, जी इतरांपेक्षा बरीच खाली ती चोर. मग हायड्रोमीटर, म्हणजे सेलमधल्या ॲसिडची ग्रॅव्हिटी (घनता) दाखवणारी नळी. गोल्फ कार्टच्या बॅटरीत फुल चार्जला ग्रॅव्हिटी १.२६५ ते १.२८० च्या घरात, ई-रिक्षाच्या ट्यूब्युलर बॅटऱ्या बसवल्या असतील तर कंपनीचा आकडा कमी असू शकतो, तेव्हा आकड्यापेक्षा सेलासेलातला फरक बघा. ०.०५० च्या वर फरक राहिला आणि इक्वलायझिंगनंतरही गेला नाही तर तो सेल गेला. निफाडकडे हिवाळ्यात पारा घसरतो तेव्हा मायलेज कमी वाटतं, तो बॅटरीचा दोष नसतो, थंडीत ती कमीच देते.

कधी बॅटरीचा काही संबंधच नसतो. ब्रेक चिकटून चाक घासतंय, टायरमध्ये हवा नाही, टर्मिनलवर मोरचूद साचून लग (वायरच्या टोकाची कडी) गरम होतोय. मोरचूद खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचा, ते पाणी सेलमध्ये जाऊ द्यायचं नाही, नट आवळून वरून व्हॅसलिन. या कामाआधी अंगठी-कडं काढा, चार्जिंगच्या शेडमध्ये बिडी नको, हायड्रोजन भडकतो. बॅटरी फारच उतरली असेल तर बरेच ऑटोमॅटिक चार्जर सुरूच होत नाहीत, मग लोक चार्जर बिघडला म्हणून तोच बदलतात.

बदलताना जुन्या सेटमध्ये एक नवीन घालायचा मोह होतो. सेट वर्षाच्या आतला असेल तर ठीक, चार वर्षांच्या सेटमध्ये नवीन बॅटरी जुन्यांच्या वळणावर जाते. लिथियम घ्यायचं तर चार्जरही त्याचाच घ्यावा लागतो, आणि तिथे पाणी-ग्रॅव्हिटी काही नाही, गाडी अचानक बंद पडली की आधी आतल्या बीएमएसने, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या सर्किटने, सप्लाय कापला का ते बघतात. जुन्या शिशाच्या बॅटऱ्या नवीन घेताना दुकानदार वजनावर परत घेतो, बिलातून वजा करून.