बेळगावात घटस्फोटाचा दावा: मध्यस्थीला कसं जायचं, कागद कोणते लागतात

दावा पडला की आता जे काय ते न्यायाधीशच ठरवणार, असं समजून माणसं गप्प बसतात. पण कौटुंबिक न्यायालय कायदा, 1984 प्रमाणे आधी समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचंच काम आहे. मध्यस्थीसाठी वेगळा दावा लागत नाही. 'आम्हाला मध्यस्थीकडे पाठवा' असं वकिलामार्फत किंवा स्वतः सांगता येतं.

आधी दावा कुठं, ते बघा. हिंदू विवाह कायद्यानुसार पत्नी सध्या राहते तिथंही दावा करू शकते. सासर खानापूरचं आणि ती चंदगडला माहेरी असेल, तर महाराष्ट्रातही दावा चालतो. दोघांनी दोन राज्यांत दावे घातले, तर ते एका ठिकाणी आणायला थेट सर्वोच्च न्यायालयात जावं लागतं. ही ओढाताण टाळाच.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे अर्ज करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही. फोन 15100.

कागद: लग्नाचा दाखला (नसल्यास पत्रिका, फोटो), आधार, रेशन कार्ड, मुलांचे जन्मदाखले, पगारपत्रक किंवा शेतीचा उतारा. पोटगीचा विषय असेल तर मिळकत आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र. स्त्रीधनाची यादी घरूनच करून न्या. 'दागिने' एवढं लिहून भागत नाही. मंगळसूत्र किती तोळ्यांचं, ते सध्या कुणाकडे, सराफाची पावती आहे का, हे लिहा. बोलणी अडतात ती बहुतेक इथंच.

मध्यस्थ निकाल देत नाही, नांदायला जा म्हणून जबरदस्तीही करत नाही. तो दोघांशी वेगवेगळं बोलतो आणि तुम्ही खासगीत सांगितलेलं परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगत नाही. मारहाण झाली असेल, समोर बसायची भीती वाटत असेल, तर पहिल्याच बैठकीत सांगा.

वेगळं व्हायचंच ठरलं तर परस्पर संमतीचा मार्ग आहे. त्यासाठी किमान 1 वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतरची 6 महिन्यांची मुदत न्यायालय योग्य प्रकरणात माफ करू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये तसं स्पष्ट केलं आहे.

आपल्या भागात माझी खरी काळजी पुढची आहे. तडजोडीचा कागद कन्नड किंवा इंग्रजीत असतो. बोलणी मराठीत झाली म्हणून सही करू नका. प्रत्येक कलम मराठीत वाचून घ्या: पोटगी कुठल्या तारखेला, कुठल्या खात्यात, मूल कुठल्या शनिवारी, किती वाजता, कुठल्या स्टँडवर सोडायचं. 'सोयीनुसार भेट' असं लिहिलं असेल तर ते बदलून घ्या, मगच सही करा आणि प्रत मागून घ्या.