चढली नाही असं वाटतं तेव्हा

पणजीहून साखळी, केरी करत चोर्ला घाट चढला की कणकुंबी येतं, मग जांबोटी, मग बेळगाव. शनिवार-रविवारी या रस्त्यावरून परतणाऱ्या कितीतरी गाड्यांत दुपारचं जेवण गोव्यात झालेलं असतं आणि जेवणाबरोबर बिअरही. निघताना गाडीवाल्याला कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं, "काय न्हाई गा, चढलीच न्हाई." तो खोटं बोलत नसतो. त्याला मनापासून तसंच वाटत असतं, आणि सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे.

दारूतला अल्कोहोल म्हणजे इथेनॉल. रेणू लहान, पाण्यात सहज मिसळणारा. पोटातून थोडा आणि लहान आतड्यातून बराचसा तो रक्तात जातो, काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोचतो. मेंदूत पेशींना आवर घालणारे संदेश असतात आणि चेतवणारेही. इथेनॉल पहिल्यांचा जोर वाढवतो, दुसऱ्यांचा कमी करतो. कपाळामागचा मेंदूचा भाग आपल्याला तोलूनमापून निर्णय घ्यायला लावतो, "आत्ता ओव्हरटेक नको" असं सांगतो. तो फार लवकर सैल पडतो. "मी गाडी चालवण्याच्या स्थितीत आहे का?" या प्रश्नाचं उत्तरही त्याच भागाला द्यायचं असतं. म्हणून पिणाऱ्याचा स्वतःबद्दलचा अंदाज पहिल्याच पेल्यापासून बिघडू लागतो आणि तो बिघडलाय हे त्याला कळत नाही.

मग अंदाज बाजूला ठेवून हिशेब करू. आपल्या कायद्यात मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल. मोटार वाहन कायदा केंद्राचा असल्यामुळे महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडे, पलीकडे आणि गोव्यातही तीच. स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी 1932 मध्ये मांडलेलं गणित आजही वापरलं जातं: पोटात गेलेल्या अल्कोहोलचं वजन भागिले शरीरातल्या ज्या भागात ते पसरतं त्याचं वजन. पुरुषात हा भाग एकूण वजनाच्या साधारण 68 टक्के धरतात, स्त्रियांत त्याहून कमी. म्हणून तेवढ्याच दारूने स्त्रीच्या रक्तातलं प्रमाण जास्त चढतं.

70 किलो वजनाचा माणूस घ्या. 60 मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगमध्ये साधारण 20 ग्रॅम अल्कोहोल असतं. गणिताने 100 मिलिलिटर रक्तात सुमारे 43 मिलिग्रॅम. म्हणजे एकाच पेगात मर्यादा ओलांडता येते. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलिलिटरची बाटली घ्या. अल्कोहोल 41 ग्रॅम, रक्तात सुमारे 86. "बिअर काय दारू असते होय?" असं म्हणत रिचवलेली एकच बाटली दोन मोठ्या पेगांइतकी भरते. हे आकडे सगळं अल्कोहोल एकदम रक्तात आलं असं धरून काढलेत. भरल्या पोटी ते सावकाश येतं आणि शिखर खाली राहतं. पण "जेवलोय" म्हणून 86 चे 30 होतीलच असं समजणं धाडसाचं आहे.

आता उतरण्याचं बघू. यकृतातली विकरं (एन्झाइम्स) अल्कोहोल फोडतात, पण त्यांच्या कामाला ठरावीक वेग आहे. साठा जास्त म्हणून ती घाई करत नाहीत. ताशी साधारण 15 मिलिग्रॅम, माणसामाणसात थोडं कमीजास्त. लिंबूपाणी, ताक, थंड पाण्याची अंघोळ, कडक कॉफी यातल्या कशानेही हा वेग वाढत नाही. कॉफीने डोळे उघडे राहतात एवढंच. डोळे उघडे असलेला पण हात-मेंदू मंदावलेला चालक रस्त्याला काय उपयोगाचा?

उतरतानाच एक फसवणूक होते, आणि ती लोकांना क्वचितच ठाऊक असते. इंग्रज शास्त्रज्ञ एडवर्ड मेलनबी यांना 1919 मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दिसलं, की रक्तातलं प्रमाण तेवढंच असलं तरी ते चढत असताना नशा जास्त दिसते, उतरत असताना कमी. पुढे माणसांवरच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट पुढे आली. उतरणीला लागल्यावर नशेची जाणीव झपाट्याने ओसरते, पण गाडी चालवायला लागणारं कौशल्य त्याच झपाट्याने परत येत नाही. चुका होत राहतात आणि आत्मविश्वास मात्र परत आलेला असतो. "तासभर थांबलो, चहा घेतला, आता बरं वाटतंय" असं म्हणत लोक किल्ली हातात घेतात ती नेमकी याच वेळी. गोव्यात जेवून उठल्यावर घाट लागेपर्यंत अनेकदा हाच काळ चालू असतो.

घाटात काय काय लागतं? वळणावर नजर पुढे टिकवावी लागते, डोकं वळलं तरी डोळ्यांसमोरचं दृश्य स्थिर राहावं लागतं. आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा आणि डोळे यांच्यातला ताळमेळ हे करतो, आणि इथेनॉल तो बिघडवतो. हालचालींत नेमकेपणा आणणारा लहान मेंदूही मंदावतो. दुचाकीवर तर तोल हाच सगळा खेळ. समोरून प्रखर दिवा आला की निरोगी डोळासुद्धा क्षणभर दिपतो, प्यायलेल्याला त्यातून सावरायला जास्त वेळ लागतो. पावसाळ्यात कणकुंबीच्या बाजूला धुकं उतरलं की डोळ्यांना मुळातच कमी दिसत असतं.

घाट नसला तरी सुटका नाही. गळीत हंगामात निपाणी, संकेश्वर, चिक्कोडी, अथणी भागात रात्री गाडी चालवलेल्या कुणालाही ठाऊक आहे: ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर आलेला, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 22 मीटर. ट्रॉली दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर शुद्धीतल्या माणसाचीही गाडी 33 मीटर पुढे जाते, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला पुढे आणखी 35 च्या आसपास. प्रतिक्रियेला अर्धा सेकंद उशीर झाला की त्यात 11 मीटरची भर. ट्रॉलीला दिवा नसणं हा ट्रॅक्टरवाल्याचा आणि कारखान्याचा दोष आहेच, त्यावर बोललंच पाहिजे. पण ते 11 मीटर मागच्या गाडीवाल्याचे असतात.

ट्रॅक्टर चालवणाराही कारखान्याच्या रांगेत नंबर लागायची वाट पाहत रात्र जागून काढतो. 1997 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं, की सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 50 मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते. थंडी घालवायला त्यावर घोटभर घेतली तर जागरण आणि दारू एकमेकांना जोर देतात.

दारूने अपघात किती वाढतात हे नीट मोजायचं काम अमेरिकेत झालं. तिथल्या ग्रँड रॅपिड्स शहरात रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी 1962-63 मध्ये अपघातातले सुमारे सहा हजार चालक तपासले, आणि त्याच रस्त्यांवर, त्याच वेळी अपघाताविना जाणारे सात हजारांहून अधिक चालकही. प्रमाण वाढतं तसा धोका सरळ रेषेत न वाढता उसळी घेतो, हे त्यातून कळलं. श्वासावरून अल्कोहोल मोजणारं यंत्रही 1954 मध्ये बोर्केनस्टाइन यांनीच बनवलं होतं. फुफ्फुसात खोलवरच्या 2100 मिलिलिटर हवेत साधारण 1 मिलिलिटर रक्ताइतकं अल्कोहोल असतं, हा त्यामागचा आधार. पान, बडीशेप, कांदा खाऊन तोंडाचा वास झाकता येतो, फुफ्फुसातून येणारं अल्कोहोल झाकता येत नाही.

आता दुसऱ्या दिवसाची सकाळ. ही मला सगळ्यात जास्त छळते, कारण इथे चांगली, जबाबदार माणसं सापडतात. गावची यात्रा, पाहुणे, मटणाचं जेवण. दहा वाजता बसलेल्या दाजींनी एक क्वार्टर आणि वर एक स्ट्राँग बिअर घेतली. वजन तेच 70 किलो धरलं तर गणिताने एकूण 214 मिलिग्रॅम. पहाटे पाचला भाजीचा टेम्पो घेऊन गोव्याला निघायचं. सात तासांत उतरले 105. उरले 109, मर्यादेच्या साडेतीनपट. दाजी रात्री झोपलेत, तोंड धुतलंय, चहा झालाय, बोलणं सरळ आहे. घरात कुणालाच शंका येत नाही. पोलिसांनी अडवलं तर पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणून घरच्यांनी "उतरली काय?" हे विचारून भागत नाही. किती घेतली आणि कधी बसला होता, हे विचारून ताशी 15 वजा करत जावं. उत्तर शून्याच्या जवळ येत नसेल तर टेम्पो दुसऱ्याने न्यावा.

आणि अपघात झालाच तर? रस्त्याकडेला पडलेल्या माणसाच्या तोंडाला वास आला की जमलेले लोक म्हणतात, "पिऊन पडलाय, झोपू दे." डोक्याला मार लागून आत रक्तस्राव होत असेल तर त्याचीही लक्षणं हीच: बरळणं, उलटी, गुंगी, हाक मारली तरी न उठणं. नुसतं बघून दोन्हींतला फरक डॉक्टरलाही सांगता येत नाही, त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. 108 ला फोन करा, कर्नाटकात आणि महाराष्ट्रात हाच नंबर आहे. मदत करणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीने कायद्याचं संरक्षण आहे. मानेला हिसका बसू देऊ नका. उलटी होत असेल तर डोकं, मान आणि अंग एका रेषेत ठेवून कुशीवर वळवा. रुग्णवाहिकेतल्या माणसाला तो किती वाजता पडला, मध्ये शुद्धीवर येऊन बोलला का, ते सांगा. प्यायला होता हेही सांगा, पण शेवटी.