चेर्नोझेम आणि आपली काळी

शाळेच्या भूगोलात, स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत दख्खनच्या काळ्या जमिनीला एक भारदस्त नाव दिलेलं असतं: 'उष्णकटिबंधीय चेर्नोझेम'. हा शब्द इंग्रजीने रशियनकडून उचलला. 'चोर्नी' म्हणजे काळा, 'झेमल्या' म्हणजे जमीन. अर्थ तंतोतंत जुळला म्हणून नाव चिकटलं. माती मात्र जुळत नाही, आणि हे नाव आता गाइडांतून काढून टाकलेलं बरं.

शब्दाचं कूळ पाहिलं तर तो तसा परका नाही. 'चोर्नी' आणि संस्कृत 'कृष्ण' एकाच मुळातून आलेले. 'झेमल्या' संस्कृतातल्या 'क्षमा'च्या गोतातला. क्षमा म्हणजे पृथ्वी, हा अर्थ आपण जवळपास विसरलो आहोत. गंमत म्हणजे लॅटिन 'ह्यूमस'ही त्याच गोतातला, आणि चेर्नोझेमला काळा रंग येतो तो ह्यूमसमुळेच, म्हणजे मातीत मुरलेल्या कुजक्या सेंद्रिय अंशामुळेच. रशियन माणूस हा शब्द 'चिर्नाझ्योम'सारखा उच्चारतो. इंग्रजीत त्याचा 'झेम' झाला.

1840 च्या दशकात रशियाची भूशास्त्रीय पाहणी करणाऱ्या रॉडरिक मर्चिसन या ब्रिटिश भूवैज्ञानिकाने या मातीवर इंग्रजीत लिहिलं. त्याच्या मते ती पाण्याखाली साचलेला जुना सागरी गाळ होती. कोणी तिला दलदलीचा वारसा मानत होतं. ही माती जमिनीवरच्या गवतापासून झाली, असं वनस्पतिशास्त्रज्ञ रुप्रेख्त याने 1866 मध्ये मांडलं. वासिली दोकुचायेव याने पुढे स्तेपी या गवताळ मैदानी प्रदेशात हजारो किलोमीटर हिंडून, ठिकठिकाणी खड्डे खणून 1883 मध्ये 'रशियन चेर्नोझेम' हा ग्रंथ काढला. त्याचं म्हणणं असं, की माती म्हणजे खडकाचा नुसता भुगा नव्हे. मूळ खडक, हवामान, सजीव, जमिनीचा चढउतार आणि काळ या पाचांतून ती घडते. मृदाशास्त्राची सुरुवात इथूनच मानतात.

स्तेपीत झाडं विरळ, गवत दाट, आणि गवताचा मोठा भाग जमिनीखाली मुळांत असतो. दरवर्षी त्यातली बरीच मुळं मरतात. हिवाळ्यात जमीन गोठते, उन्हाळ्यात कोरडी पडते, त्यामुळे जीवाणूंना ती पूर्ण कुजवायला सवड मिळत नाही. खाली हिमयुगातल्या वाऱ्याने आणून टाकलेली, चुन्याने भरलेली पिवळसर धूळ असते. तिच्यातलं कॅल्शियम ह्यूमसला धरून ठेवतं, आणि पाऊस बेताचा असल्याने ते फारसं धुपून खाली जात नाही. असं हजारो वर्षं चाललं की मीटरभर जाडीचा काळा थर तयार होतो. चांगल्या चेर्नोझेममध्ये ह्यूमस साधारण 4 ते 10 टक्के असतं, काही ठिकाणी त्याहूनही जास्त.

खड्ड्याच्या उभ्या कापात आणखी एक गोष्ट दिसते. खालच्या पिवळ्या थरात मुठीएवढे काळे गोल ठिपके, आणि वरच्या काळ्यात पिवळे. बिळं करणाऱ्या प्राण्यांची ही जुनी भुयारं, नंतर वरून किंवा खालून आलेल्या मातीने बुजलेली. त्यांना म्हणतात 'क्रोतोव्हिना'. 'क्रोत' म्हणजे चिचुंद्रीसारखा दिसणारा, जमिनीत राहणारा मोल. हाही शब्द रशियनमधून इंग्रजीत गेला.

आता आपली काळी घ्या. ती बेसाल्टची. तिचा रंग पाहून ती सेंद्रिय कर्बाने गच्च भरलेली वाटते, पण माती परीक्षणाचा अहवाल हातात घेतला की कर्ब बहुतेक ठिकाणी 1 टक्क्याच्याही खाली निघतो. थोडंसंच ह्यूमस चिकणकणांना घट्ट बिलगून बसतं आणि सगळी माती काळी करतं. काही वाटा बेसाल्टमधल्या काळ्या खनिजांचाही. तिचा खरा स्वभाव ठरवतं ते स्मेक्टाइट नावाचं चिकण-खनिज. ते पाणी पिऊन फुगतं, वाळलं की आक्रसतं. म्हणून पावसाळ्यात भारी जमिनीला वाफसा यायला वेळ लागतो आणि उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. वरची माती त्या भेगांत पडते, पावसात खालची फुगून वर रेटली जाते. नांगर न लावताही जमीन हळूहळू उलथत राहते. आजच्या वर्गीकरणात तिला 'व्हर्टिसॉल' म्हणतात ते यासाठीच; लॅटिनमधलं 'उलटवणे' हे क्रियापद त्या नावात आहे.

'झेम'ला मात्र मृदाशास्त्रात बढती मिळाली. त्याचा प्रत्यय करून नवी नावं पाडली गेली: चेस्टनटच्या रंगाची ती 'कस्तानोझेम', धूसर-काळपट ती 'फिओझेम'. दुसऱ्या नावात अर्धा शब्द ग्रीक, अर्धा रशियन, आणि तो वापरतात जगभरचे इंग्रजी लिहिणारे मृदाशास्त्रज्ञ.