सेव्हिल ऑपेराचं शहर कसं झालं?

दोन-तीन दिवस काढून स्पेनमधल्या सेव्हिलला जायचं, दिवसा ऑपेरातल्या जागा पायी हिंडायच्या आणि रात्री माएस्त्रान्सा थिएटरात खेळ पाहायचा, अशी सहल रसिकांमध्ये चांगलीच रुळली आहे. ‘कार्मेन’, ‘सेव्हिलचा न्हावी’, ‘फिगारोचं लग्न’, ‘फिदेलिओ’, व्हेर्दीचा ‘नियतीचं बळ’ ही सगळी कथानकं याच शहरात किंवा त्याच्या आसपास घडतात, निदान सुरू तरी होतात. गंमत म्हणजे मोझार्ट, बीथोवन आणि बिझे या तिघांपैकी एकानेही स्पेनमध्ये पाऊल टाकलं नव्हतं.

मग सेव्हिलच का? 1503 मध्ये अमेरिकेशी होणाऱ्या व्यापाराची सरकारी कचेरी इथे उघडली आणि ग्वादलकिवीर नदीवरच्या या बंदरात चांदी येऊ लागली. पैशामागे खलाशी, सावकार, जुगारी, भणंग सगळे आले. पुढे नदी गाळाने भरत गेली आणि 1717 मध्ये ती कचेरी कादिस बंदरात हलली. वैभव ओसरलं तरी रंगेल शहर हा लौकिक काही ओसरला नाही.

तो लौकिक परक्या नाटककारांच्या पथ्यावर पडला. फ्रेंच लेखक बोमार्शेला आपल्याच देशातल्या सरदारांची टर उडवायची होती, पण पॅरिसमध्ये सेन्सॉर बसलेला. म्हणून पात्रांना स्पॅनिश कपडे चढवले. 1775 मध्ये त्याचं न्हाव्याचं नाटक आलं. त्याचा पुढचा भाग, म्हणजे ‘फिगारोचं लग्न’, फ्रान्सचा राजा सोळाव्या लुईने अडवून धरला आणि तो जाहीरपणे रंगभूमीवर यायला 1784 उजाडलं. त्यावरून मोझार्टने 1786 मध्ये ऑपेरा केला, तर पहिल्या भागावरचा रोसिनीचा ऑपेरा 1816 मध्ये रोमला आला आणि पहिल्या रात्री सपशेल पडला. बीथोवनच्या ‘फिदेलिओ’चं मूळ कथानकही फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीतलं. वाद नको म्हणून त्यातला तुरुंग सेव्हिलजवळ नेऊन ठेवला. थोडक्यात, सेव्हिल ही आडोशाची जागा होती.

बायकांना नादी लावणारा दंतकथेतला ‘दोन हुआन’ (डॉन वॉन) मात्र इथलाच. स्पॅनिश नाटककार तिरसो दे मोलिनाच्या नावावर असलेलं मूळ नाटक 1630 च्या सुमारास छापलं गेलं. त्याच्यावरच्या मोझार्टच्या ‘दोन जोव्हान्नी’ या ऑपेराच्या संहितेत नुसतं ‘स्पेनमधलं एक शहर’ एवढंच आहे, पण लोकांनी ते सेव्हिलच धरलं. सेव्हिलचा सरदार मिगेल मान्यारा हाच खरा दोन हुआन, असं इथे सांगितलं जातं. तो जन्मला 1627 मध्ये. म्हणजे नाटक छापलं तेव्हा हे महाशय रांगण्याच्या वयाचे! तरी त्याने उभारलेलं कारिदाद रुग्णालय चुकवू नये. ‘जगात होऊन गेलेल्या सर्वांत वाईट माणसाची हाडं नि राख इथे आहे’ असं त्याच्या थडग्याच्या दगडावर कोरलंय आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय पडावेत म्हणून त्याने दारातच पुरायला सांगितलं होतं. हाच मान्यारा नाटकांचा कट्टर विरोधक होता. तो 1679 मध्ये वारला आणि त्याच वर्षी शहरात नाटकांवर बंदी आली.

सगळ्यात ठोस जागा म्हणजे तंबाखूचा शाही कारखाना. अठराव्या शतकातली ही प्रचंड दगडी इमारत, भोवती खंदक, आत स्वतःचं प्रार्थनाघर आणि तुरुंगसुद्धा. तंबाखू ही राजाची मक्तेदारी, त्यामुळे चोरीची धास्ती मोठी. आधी इथे पुरुष तपकीर कुटत. एकोणिसाव्या शतकात सिगार वळायला बायका आल्या. 1830 मध्ये स्पेन हिंडून आलेल्या फ्रेंच लेखक मेरिमेने 1845 च्या ‘कार्मेन’ कथेत लिहिलंय, की उन्हाळ्यात त्या बायका अंगावर जेमतेम कपडे ठेवून काम करत, म्हणून परवान्याशिवाय पुरुषांना आत सोडत नसत. कार्मेन तिथलीच.

त्या कथेवरचा बिझेचा ऑपेरा 3 मार्च 1875 ला पॅरिसमध्ये आला. मूळ रूपात गाण्यांच्या मध्ये बोलके संवाद होते, आपल्या संगीत नाटकासारखे. सिगार ओढणाऱ्या, मारामाऱ्या करणाऱ्या कामगार बायका आणि रंगमंचावर नायिकेचा खून हे तिथल्या कुटुंबवत्सल प्रेक्षकांना झेपलं नाही. बरोबर तीन महिन्यांनी, 36 व्या वर्षी बिझे गेला. त्यातली प्रसिद्ध हाबानेरा, म्हणजे कार्मेनच्या तोंडचं गाणं, त्याने लोकगीत समजून उचलली होती. नंतर कळलं की ती इरादिएर नावाच्या स्पॅनिश संगीतकाराची आहे. कारखान्याच्या इमारतीत आज सेव्हिल विद्यापीठ आहे. ज्या दारातून कार्मेन येते, तिथून आता पाठीवर सॅक अडकवलेली पोरं ये-जा करतात.

सान्ता क्रूझ मोहल्ल्यातल्या ‘रोसिनाच्या बाल्कनी’चं (रोसिना ही ‘सेव्हिलचा न्हावी’ची नायिका) मला फारसं कौतुक नाही. जुनी ज्यू वस्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, 1929 मध्ये इथे भरलेल्या मोठ्या प्रदर्शनाआधीच्या काळात, पर्यटकांना आवडेल अशी नटवली गेली. फोटो छान येतो, एवढंच.

इतकं असूनही शहराची स्वतःची स्थिती काय? 1847 चं सान फर्नांदो थिएटर 1973 मध्ये पाडलं. माएस्त्रान्सा उघडलं ते 1991 मध्ये, एक्स्पो 92 या जागतिक प्रदर्शनाच्या तोंडावर. सुमारे 1800 आसनांचं हे थिएटर बुलफाइटच्या रिंगणाजवळच आहे. रिंगणासमोर कार्मेनचा पुतळा. तिकिटं काढताना वेळापत्रक आधी पाहा: हंगाम शरद ऋतूत सुरू होतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीपार जातो तेव्हा इथे ऑपेरा शोधत फिरण्यात अर्थ नाही.