नैराश्यातील गंधभ्रम

आसपास कारण नसताना वास येणे म्हणजे गंधभ्रम. नैराश्याच्या आजारात वासाची तक्रार बहुधा उलटी असते: फोडणीचा खमंगपणा जाणवत नाही, जेवण बेचव लागते. नसलेला वास येणे विरळ, पण अधिक गंभीर. नैराश्य तीव्र होऊन त्यात भ्रम मिसळले की कुजल्याचा, जळकट किंवा प्रेताचा वास येऊ शकतो. जोडीला कधी ‘मी आतून सडलोय’, ‘माझ्या पापामुळं हे झालं’ अशी पक्की खात्री असते. अशा रुग्णांत आत्महत्येचा धोका जास्त असतो, म्हणून ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये.

इतर संवेदना थॅलॅमस या मेंदूतील संदेश पुढे धाडणाऱ्या केंद्रामार्गे मेंदूच्या बाह्यपटलाकडे जातात; गंधाचा संदेश मात्र गंधकंदातून (नाकाच्या वरचा, वासाचे संदेश घेणारा मेंदूचा भाग) भावनांशी निगडित अमिग्डला या भागापर्यंत थेट पोचतो. नैराश्यात गंधकंद आकाराने लहान झाल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे.

बेळगाव सीमाभागात खरे वासही कमी नाहीत. निपाणीत तंबाखूचा उग्र दर्प, खानापूरकडे पावसाळ्यात कुबट भिंती. त्यामुळे सासूबाई ‘बघ गं, माळ्यावर काहीतरी मेलंय’ म्हणाल्या की सून माळा उतरवते, पोती हलवते, फरशी फिनेलने पुसते. उंदीर सापडत नाही, वासही दुसऱ्या कुणाला येत नाही. मग ‘बाहेरचं’ म्हणून देवऋषी आणि अंगारा. या धावपळीत सासूबाई पहाटे तीनलाच जाग्या होतात, ताटावरून तशाच उठतात, याची विचारपूस राहून जाते. निदानाचा धागा बहुतेक वेळा तिथेच असतो.

प्रत्येक गंधभ्रम नैराश्याचा नसतो. सायनसचा विकार, अर्धशिशी, कोविडनंतरचा बिघाड, क्वचित मेंदूतील गाठ ही कारणेही तपासावी लागतात. थोडा वेळच टिकणारा आणि तसाच पुन्हापुन्हा येणारा जळका वास अपस्माराचा असू शकतो. आपल्याच अंगाला दुर्गंधी येते या ध्यासाला आयसीडी-११ने (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) वेगळा विकार मानले आहे.

भ्रमयुक्त नैराश्यात नैराश्यविरोधी आणि भ्रमविरोधी औषधे एकत्र देतात. ‘शॉक’ या नावाने लोक धास्तावतात, तो विद्युतउपचार भूल देऊन केला जातो आणि या प्रकारात विशेष गुणकारी ठरतो. धारवाडला डिमहान्स ही सरकारी मानसोपचार संस्था आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत बोलता येते.